कृत्रिम कातळ (प्रस्तरारोहण)

चढाईच्या सरावासाठी वस्तीतल्या बागेत, मैदानावर किंवा शाळेच्या आवारात बांधलेला, खडकासारखा दिसणारा काँक्रीटचा उंचवटा. बंदिस्त सभागृहातल्या भिंतीवर हातापायाच्या पकडीसाठी रंगीत खुंट्या (होल्ड) बसवतात आणि हवे तेव्हा हलवतात. कृत्रिम कातळाच्या खाचा, कपारी, कंगोरे मात्र अंगच्याच असतात. पाय कुठे टेकवायचा ते चढणाऱ्यालाच हुडकावे लागते, आणि खरे शिक्षण त्यातच आहे.

अमेरिकेत सिएटलच्या पश्चिम भागातील कॅम्प लाँग येथे १९३९ साली उभा राहिलेला शुर्मन रॉक हा त्या देशातला असा पहिला कातळ मानतात. तो क्लार्क शुर्मन या स्काउट प्रशिक्षकाने आखला. इंग्लंडमध्ये डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या एका बोळाच्या भिंतीत दगड बसवून सरावाची सोय केली.

गोव्यात अशा कातळाची गरज दगडामुळेच पडते. इथला जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. घराच्या चिऱ्यांना तो उत्तम, पण सच्छिद्र असल्याने त्याच्या कडा हाताखाली सुटतात आणि दोर अडकवायला खडकात बसवलेल्या बोल्टाची पकड भरवशाची राहत नाही. सह्याद्रीचा टणक बेसाल्ट खडक राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातच आढळतो. म्हापसा-मडगावच्या मुलाला सरावासाठी रोज घाट गाठणे शक्य नाही.

बांधणीत सळ्यांच्या सांगाड्यावर जाळी ताणून काँक्रीट फवारतात आणि ते ओले असतानाच थापीने कोरतात. कंगोऱ्याची धार मोडून गोल करतात. जेमतेम एकच बोट शिरेल असे भोक ठेवत नाहीत. तोल गेला तर बोट आत अडकून दुखापत होते.

किनाऱ्यालगत खारी हवा हा मोठा शत्रू. मीठ काँक्रीटमध्ये झिरपले की सळी गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट पोपड्यासारखे सुटते. म्हणून आयएस ४५६ : २००० हे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक किनारी बांधकामात सळीवर किमान ४५ मिमी काँक्रीटचे आवरण मागते. दोर अडकवायच्या बोल्टांचा धोका याहून वाईट: साध्या स्टेनलेस स्टीलला आतून तडे जातात आणि वरून फारसा गंज न दिसताच ते तुटू शकते. थायलंडच्या समुद्रकड्यांवर हे घडल्यावर तिथे टायटॅनियमचे बोल्ट लावू लागले. ते महाग पडतात. त्यामुळे गोव्यातल्या वाड्यावस्तीसाठी दोराशिवाय चढता येईल असा, माणसाच्या दीड-दोनपट उंचीचा कातळच योग्य. त्याच्या भोवती वाळूचा खड्डा हवा; पावसाने वाळू दबून घट्ट होते, ती वेळोवेळी खणून सैल करावी लागते.

जून ते सप्टेंबर शेवाळामुळे चढाई बंद ठेवावी. ऑक्टोबरात कडक ब्रशने पृष्ठभाग घासून सगळा कातळ हातोडीने ठोकत तपासतात. जिथे पोकळ आवाज येतो, तेवढा भाग फोडून नव्याने भरतात.