परसातल्या कोंबड्यांचे जंतनिर्मूलन

अंगणात, परसात किंवा गोठ्याच्या कडेला मोकळ्या सोडलेल्या पाच-पंचवीस कोंबड्यांच्या पोटातले जंत ओळखणे, औषधाने ते पाडणे आणि पुन्हा होऊ नयेत म्हणून खुराड्याची व जमिनीची निगा राखणे, या सगळ्याला मिळून जंतनिर्मूलन म्हणतात. यातला शेवटचा भाग बहुधा राहून जातो. औषधाची बाटली आणली, पाण्यात ओतली की काम झाले असे समजतात. पण जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडलेली असतात आणि कोंबडी दिवसभर तीच माती उकरते. पिंजऱ्यातल्या कोंबडीची विष्ठा जाळीतून खाली पडते, म्हणून तिला जंतांचा त्रास कमी. उकिरड्यावर चरणाऱ्या गावठी कोंबडीला तो जवळजवळ ठरलेलाच असतो.

कोंबडीत सर्वांत जास्त आढळतो तो मोठा गोल जंत, ॲस्कॅरिडिया गॅली. त्याचे वर्णन श्रांक यांनी 1788 मध्ये केले. लहान आतड्यात राहणारा हा जंत पिवळसर पांढरा असतो, शिजलेल्या शेवयांसारखा दिसतो आणि मादी 10 सेंटीमीटरच्याही पुढे वाढते. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडली तरी लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली तर दहा-बारा दिवसांत ती बाधक होतात, दाण्यापाण्याबरोबर पोटात जातात आणि पाच ते आठ आठवड्यांत नवा जंत अंडी घालू लागतो. सावलीतल्या ओल्या मातीत ही अंडी कित्येक महिने टिकतात. तीन महिन्यांपुढच्या कोंबडीत थोडी प्रतिकारशक्ती येते. त्यामुळे खरी झळ बसते ती पिल्लांना आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना).

अंधांत्रात, म्हणजे लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरच्या दोन बंद पिशव्यांत, हेटेराकिस हा सेंटीमीटरभर लांबीचा बारीक पांढरा जंत असतो. कोंबडीला तो स्वतः फारसा छळत नाही. मात्र त्याच्या अंड्यातून हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी पसरतो, हे ग्रेबिल आणि स्मिथ यांनी 1920 मध्ये दाखवले. कोंबड्यांबरोबर टर्की पाळणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण कोंबडी जो रोग पचवते त्यानेच टर्की यकृत सडून मरते. तिसरा गोल जंत कॅपिलेरिया. हा केसासारखा बारीक असल्याने आतडे उघडले तरी नजरेतून सुटतो, आणि थोड्या संख्येतही कोंबडी खंगवतो. त्याच्या काही जाती गांडुळांमार्फत येतात.

चपट्या जंतांना, म्हणजे पट्टकृमींना, मधला वाहक लागतोच. रायलेटिना मुंग्या आणि भुंगेऱ्यांतून येतो, कोआनोटीनिया घरमाश्यांतून व भुंगेऱ्यांतून, तर जेमतेम चार मिलिमीटरचा डॅव्हेनिया गोगलगाईंतून. पावसाळ्यात गोगलगाई वाढल्या की या जंताची वाटही मोकळी होते. रायलेटिनाची एक जात आतड्याच्या भिंतीत डोके रुतवून गाठी उठवते. त्या गाठी क्षयाच्या गाठींसारख्या दिसतात, त्यामुळे पाहणारा फसू शकतो.

लक्षणे सावकाश येतात. तुरा फिका पडतो, पिसे विस्कटतात, खाणे चालू असूनही छातीचे हाड हाताला टोचू लागते, अंडी घटतात, बलकाचा रंग उतरतो, पिल्ले पंख पाडून बसतात, शेपटीखालची पिसे चिकटतात. यातले एकही लक्षण फक्त जंतांचे नाही. रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) जंतांच्या औषधाने बरी होत नाही, आणि पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले की आधी तिचाच संशय घ्यावा. दुसरी गफलत विष्ठेवरून होते. सकाळी खुराडे उघडल्यावर नेहमीच्या पांढऱ्या टोपीच्या विष्ठेत मधूनच गडद तपकिरी, चिकट, उग्र वासाची गोळी दिसते. ती अंधांत्राची विष्ठा असते आणि निरोगी कोंबडीही ती रोज टाकते. संशय घ्यावा तो ताज्या विष्ठेवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे वळवळताना दिसले तर. ते पट्टकृमीचे सुटलेले खंड असतात.

खात्री हवी तर विष्ठा तपासून घ्यावी. तीन-चार कोंबड्यांची सकाळची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून, उन्हात न ठेवता, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. मिठाच्या संपृक्त द्रावणात ती ढवळली की जंतांची हलकी अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. कॅपिलेरियाचे अंडे दोन्ही टोकांच्या बुचांमुळे ओळखू येते. ॲस्कॅरिडिया आणि हेटेराकिस यांची अंडी मात्र जवळजवळ सारखीच. एखादी कोंबडी कापली, तर तिचे आतडे कात्रीने उभे चिरून काळ्या बुडाच्या ताटात पाण्यात हलवून पाहावे, आणि अंधांत्रांची टोके दाबून बघावीत. कुठल्याही चाचणीइतकीच ही पाहणी बोलकी असते. पण कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या असतील तर एकही फाडू नये, दवाखान्याला कळवावे. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरलाच उघड झाली होती.

औषध कोणत्या जंतासाठी द्यायचे ते आधी ठरवावे लागते. पायपरॅझीन स्वस्त आहे, पाण्यात विरघळते, पण चालते ते फक्त ॲस्कॅरिडियाच्या मोठ्या जंतांवर. ते जंताला लुळा करते आणि आतडे त्याला बाहेर ढकलते. लहान अवस्था मागे राहतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मात्रा लागते. लेव्हामिसोलही पाण्यात विरघळते आणि बहुतेक गोल जंतांवर चालते. फेनबेंडॅझोल आणि अल्बेंडॅझोल यांची व्याप्ती मोठी, मात्र पट्टकृमींसाठी अल्बेंडॅझोलची मात्रा वाढवावी लागते किंवा प्राझिक्वांटेल वापरावे लागते. आयव्हरमेक्टिन बाह्य परजीवींवर वापरतात. आतड्यातल्या जंतांसाठी त्यावर विसंबू नये.

मात्रा चुकते ती हिशेबाच्या आळसाने. अल्बेंडॅझोल गोल जंतांसाठी साधारणपणे वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम आणि पट्टकृमींसाठी 20 मिलिग्रॅमपर्यंत देतात. अडीच टक्क्यांच्या पातळ औषधात एका मिलिलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम अल्बेंडॅझोल असते. म्हणजे दीड किलोच्या गावठी कोंबडीला पहिल्या कामासाठी 0.6 मिलिलिटर पुरते. तीन किलोच्या वनराजाला (ही सुधारित जात) त्याच्या दुप्पट लागेल, आणि बाटली दहा टक्क्यांची असेल तर हाच हिशेब चौपटीने खाली येतो. शेळ्यांची उरलेली बाटली अंदाजाने वापरण्यापूर्वी लेबल वाचावे आणि डॉक्टरांना आकडा विचारावा. कमी मात्रेने अर्धे जंत वाचतात, आणि वारंवार तसे झाले की औषधाला न जुमानणारे जंत उरतात. अमेरिकेत टर्कींच्या गोल जंतात फेनबेंडॅझोलला दाद न देणारे वाण सापडले आहेत.

दहा-बारा कोंबड्या असतील तर एकेकीला पाजणे सर्वांत खात्रीचे. अंधार पडताना त्या शांत बसलेल्या असतात. कोंबडी काखेत धरावी, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) हलकेच खाली ओढली की चोच उघडते. जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचे भोक दिसते, त्यात एक थेंबही जाता कामा नये. सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या बाजूने थेंब थेंब सोडावे आणि तिला गिळू द्यावे. जमत नसेल तर औषध भाकरीच्या कुस्करात कालवून त्याच्या गोळ्या एकेकीला वेगळ्या द्याव्यात. पाण्यातून द्यायचे तर विरघळणारेच औषध घ्यावे. अल्बेंडॅझोल पाण्यात तळाशी बसते. मग पहिली कोंबडी नुसते पाणी पिते आणि शेवटची सगळा गाळ. विरघळणाऱ्या औषधासाठी रात्री पाणी काढून घेऊन सकाळी दोन-तीन तासांत संपेल एवढेच औषधी पाणी ठेवावे. जिला इतर कोंबड्या भांड्यापाशी येऊ देत नाहीत ती बहुधा सर्वांत रोगट असते. तिला हातानेच पाजावे.

औषध दिल्यावर दुसरा दिवसभर कोंबड्या डालून ठेवाव्यात, मोकळ्या सोडू नयेत. पडलेले जंत आणि अंडी एका जागी येतात. ती विष्ठा खरवडून कोंबड्या पोचणार नाहीत अशा खड्ड्यात झाकून कुजवावी. अंड्यांचे कवच जाड असल्याने फिनेलसारख्या जंतुनाशकांना ती सहज दाद देत नाहीत. चुन्याने जागा कोरडी राहते, पण त्याने अंडी मेली असे धरू नये. कोरडेपणा आणि थेट ऊन यांनी ती मरतात. म्हणून खुराडे उंचवट्यावर असावे, तळाचा भुसा ओला झाला की बदलावा, पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, दाणे जमिनीवर न फेकता पसरट भांड्यात द्यावेत. जागा असेल तर परसाचे दोन भाग करून आलटून पालटून वापरावेत. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवली तर निम्मा त्रास टळतो, असे माझे ठाम मत आहे. अ जीवनसत्त्व कमी पडले की जंतांचा भार वाढतो, त्यामुळे शेवग्याचा पाला किंवा लसूणघास रोज मूठभर द्यावी.

पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात. पुढे मोकळ्या कोंबड्यांना साधारण तीन महिन्यांनी. महाराष्ट्रात एक मात्रा पावसाच्या तोंडावर आणि एक पाऊस सरल्यावर यावी असे वेळापत्रक सोयीचे. आठव्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत) आर-टू-बी लस टोचायची असते. तिच्या आधी आठवडाभर जंत पाडलेले असले तर लस चांगली लागू पडते.

लसूण, कडुलिंब, पपईच्या बिया, वावडिंग, पळसपापडी हे घरगुती उपाय जुने आहेत. पपईच्या चिकाने जंताचे बाह्यावरण विरघळते हे प्रयोगांत दिसले आहे. पण खाद्यात टाकलेल्या मूठभर बियांत त्यातले किती उतरते याला माप नाही. खंगलेल्या कोंबडीला एवढ्यावर ठेवणे म्हणजे तिचे हाल लांबवणे.

औषध दिल्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस अंडी व मांस खाऊ नये. लेबल कोंबड्यांसाठीचे नसेल तर मुदत पशुवैद्यकाला विचारावी. रवणीसाठी (पिल्ले काढण्यासाठी) अंडी जमवायची असतील त्या काळात अल्बेंडॅझोल टाळावे, कारण भ्रूणाला ते अपायकारक ठरू शकते. क्वचित एखादा गोल जंत अंडनलिकेत चढून अंड्यातच बंद होतो. अंडे फोडल्यावर पांढऱ्यात तो सापडला की घरातले धास्तावतात, पण कोंबडीचा हा जंत माणसाच्या पोटात वाढत नाही. ते अंडे टाकून द्यावे आणि त्याच संध्याकाळी कोंबड्यांच्या मात्रेचा हिशेब मांडायला बसावे.