व्हीसीडीचं चित्र चालतं, मग आवाज का नाही?

घरातल्या लग्नाची जुनी व्हीसीडी डीव्हीडीवर घ्यायला बसलं की पहिली अडचण आवाजाची येते. चित्राचं काही नाही, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं एमपेग-१ (व्हीसीडीवरच्या व्हिडिओचा प्रकार) डीव्हीडीच्या नियमात बसतं, पण आवाज ऑथरिंगचं, म्हणजे डीव्हीडी बांधायचं सॉफ्टवेअर घेत नाही, आणि एखाद्याने गुपचूप घेतलाच तर एका प्लेअरवर मंगलाष्टकं ऐकू येतात आणि दुसऱ्यावर भटजींचे नुसते ओठ हलतात. कारण काय, तर व्हीसीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल), आणि डीव्हीडी-व्हिडिओला ४८ पाहिजे (एलपीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज असेल तर ९६ पण चालतं).

हे ४४.१ आलं कुठून? सीडीच्या आधी डिजिटल आवाज चक्क व्हिडिओ कॅसेटवर भरायचे, चित्राच्या एकेका ओळीत ३ सॅम्पल. ३ गुणिले २९४ ओळी गुणिले सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम), करून बघा, ४४,१०० येतात, आणि ६० फील्डवाल्यांकडे २४५ ओळी धरल्या तरी तेवढेच. तो आकडा सीडीत गेला, १९९३ ची व्हीसीडी सीडीच्याच घरातली म्हणून तिनेही तोच उचलला, वर तो दाबला एमपी२ प्रकारात, २२४ केबीपीएसने (सेकंदाला २२४ किलोबिट). टीव्ही आणि प्रोफेशनल व्हिडिओवाल्यांचं मात्र तोवर ४८ वर जमलेलं होतं. सिनेमाच्या २४ फ्रेम्सने ४८,००० ला भागलं तर फ्रेममागे बरोबर २,००० सॅम्पल मिळतात, ४४,१०० ला भागलं तर साडेअठराशेच्या आसपास काहीतरी अर्धवट. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात डीव्हीडी आली ती या दुसऱ्या घराण्यातली.

खरी भांडणं पुढेच झाली. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) डिस्कवर निदान एक ट्रॅक एलपीसीएम किंवा डॉल्बी कंपनीचा दाबलेला एसी-३ हवाच, असा नियम होता. पाल ही टीव्ही पद्धत वापरणाऱ्या देशांसाठी मात्र सुरुवातीला एलपीसीएम किंवा एमपेग ऑडिओच (एमपी२ त्यातलाच) सक्तीचा, फिलिप्सचा जोर त्यावर होता. पण मल्टिचॅनेल (दोनहून जास्त स्पीकरच्या) एमपेगचे आवाज दाबणारे एन्कोडर आणि उलगडणारे डिकोडर काही वेळेत येईनात, शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये नियम बदलला आणि पाल डिस्कवर एकटा एसी-३ पण चालायला लागला. डीटीएस हा आणखी एक आवाजाचा प्रकार तेव्हाही ऐच्छिक आणि आजही, तो एकटा ठेवून भागत नाही. एमपी३ तर यादीतच नाही! प्लेअरवर एमपी३ छापलेलं असतं ते गाण्यांच्या डेटा डिस्कसाठी.

आता घरच्या माणसाने काय निवडायचं, तर एसी-३ ला डॉल्बीचं लायसन्स लागायचं म्हणून स्वस्तातली बरीच सॉफ्टवेअरं एमपी२ किंवा पीसीएम (वरचा एलपीसीएमच) एवढंच द्यायची. पीसीएम स्टिरिओ म्हणजे १५३६ केबीपीएस, दोन तासांच्या लग्नाला जवळपास १.४ जीबी, ४.७ जीबीच्या डिस्कमधून एवढं आवाजालाच गेल्यावर चित्राला उरणार काय? म्हणून लोक एमपी२ वर जायचे, आपल्याकडे पाल असल्यामुळे ते नियमातही बसायचं. पण तीच डिस्क एनटीएससी करून अमेरिकेतल्या आत्याला पाठवली की तिथला प्लेअर एमपी२ वाजवायला बांधील नाही. बरेचसे वाजवतात, पण आपण कशाला रिस्क घ्या.

२०१७ मध्ये एसी-३ ची पेटंटं संपली, त्यामुळे आता फुकटची टूल्स बिनधास्त एसी-३ देतात. ब्ल्यू-रेवर तर एमपी२ चालतच नाही, तिथे एसी-३ ६४० केबीपीएसपर्यंत जातो, डीव्हीडीवर ४४८ ची मर्यादा. मोबाईलच्या शूटिंगमधला एएसी प्रकारचा आवाज दोन्हीकडे बाद, तो बदलावाच लागतो. एफएफएमपेग या फुकटच्या टूलला पाल-डीव्हीडीचं टार्गेट दिलं की ते आपणहून एसी-३, ४८ किलोहर्ट्झ आणि थेट ४४८ लावतं. व्हीसीडीतल्या त्या खरखरत्या सनईला १९२ पुष्कळ झाले, दोन तासांना १७३ एमबी, त्यामुळे मी तो आकडा दर वेळी हाताने खाली आणतो.