तीन आठवडे अंथरुणात

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. आजारपणात पूर्ण विश्रांती घ्यावी हा त्या काळच्या वैद्यकाचा नेहमीचा सल्ला होता, आणि अशा विश्रांतीत शरीराचे नेमके काय होते हे संशोधकांना मोजून पाहायचे होते. तीन आठवड्यांनी या तरुणांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे जीव तोडून धावताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू कामी आणू शकते त्याचे माप, एक चतुर्थांशाहून अधिक घटले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले गेले. मधल्या काळात त्यांचे वजन आणि चरबी वाढली होती, तरीही तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांच्या या क्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी केले होते. सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामानंतर पन्नाशीतले हे पुरुष पुन्हा आपल्या विशीतल्या मूळ पातळीला पोहोचले.

प्रयोग अवघ्या पाच जणांवरचा होता हे खरे. पण अंतराळप्रवासाच्या तयारीसाठी पुढे झालेल्या अशाच अभ्यासांतही दमसास वेगाने घटताना दिसला. आपण ज्याला सरसकट ‘वय झाले’ म्हणतो त्यातला बराचसा भाग वयाचा नसून न वापरण्याचा असतो, हे यातून कळते आणि मला ते फार दिलासा देणारे वाटते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. आडवे पडले की पायांतले रक्त छातीकडे सरकते, शरीराला रक्ताचे पाणी जास्त झाल्याचा संदेश मिळतो आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकू लागतात. काही दिवसांतच रक्ताचे एकूण प्रमाण घटते, हृदय प्रत्येक ठोक्याआधी पूर्वीइतके भरत नाही आणि साहजिकच एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्तही कमी होते. तिकडे स्नायूंमध्ये प्रथिनांची मोडणी आणि बांधणी अखंड चालू असते; स्नायूवर ताण पडत राहिला तर बांधणी टिकून राहते, ताण थांबला की मोडणीचे पारडे जड होते. पेशींमध्ये प्राणवायूच्या साह्याने ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रियाही वापराअभावी कमी होतात. जे लागत नाही ते शरीर सांभाळत बसत नाही.

दमसास म्हणजे काय, हे जिन्यावर चांगले समजते. दोन मजले भरभर चढताना पहिले काही क्षण स्नायू आपल्याजवळच्या साठ्यावर काम करतात, कारण श्वास आणि हृदयाचे ठोके वाढून जास्तीचा प्राणवायू पोहोचायला थोडा वेळ लागतो. त्यामुळेच खरी धाप चढताना नव्हे, तर वर पोहोचून थांबल्यावर लागते. शरीर तेव्हा मागची उधारी फेडत असते. धाप किती लागली यापेक्षा नाडी किती लवकर मूळपदावर येते याकडे लक्ष द्यावे. नियमित व्यायाम करणाऱ्याचे ठोके थांबताच झपाट्याने उतरू लागतात.

जिन्याचे महत्त्व संशोधनाच्या इतिहासातही आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा सतत वर-खाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. दोन्ही गटांत इतरही फरक होते, पण शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध गांभीर्याने शोधण्याची सुरुवात तिथून झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम करावा. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही, इतपत. जोरदार म्हणजे चार शब्द बोलून श्वास घ्यावा लागतो, इतका. दिवसाला १०,००० पावलांचा आकडा मात्र १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. तेवढी पावले झाली नाहीत म्हणून खंत करण्याचे कारण नाही.

याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि नेमका हाच भाग बहुतेक जण सोडून देतात. वजनकाट्याची जेवढी काळजी केली जाते, त्याच्या निम्मी जरी मांड्यांच्या ताकदीची केली तरी म्हातारपण पुष्कळ सुकर होईल, असे माझे मत आहे. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पण ही वाट उलट फिरवता येते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ९० वर्षे वयाच्या वृद्धाश्रमवासीयांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून अधिक झाली.

झोप, आहार आणि तंबाखूपासून दूर राहणे यांची जागा व्यायाम घेऊ शकत नाही. प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी, आणि पुरेशा प्रथिनांशिवाय स्नायूंच्या बांधणीला कच्चा मालच मिळत नाही.

बऱ्याच वर्षांनी सुरुवात करणाऱ्याने मात्र घाई करू नये. स्नायू काही आठवड्यांत जोम धरतात, त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात, आणि उत्साहाच्या भरात होणाऱ्या बऱ्याच दुखापती याच तफावतीतून येतात. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांना रोज दहा मिनिटे भरभर चालणे आणि भक्कम खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठणे-बसणे यापासून प्रारंभ करता येईल. बसताना अंग टाकून देऊ नये, मनात तीन अंक मोजत सावकाश खाली यावे; त्या वेळी मांडीचे स्नायू लांब होत असतानाही भार पेलत असतात, आणि व्यायामाचा मोठा लाभ त्या उतरण्यातच असतो.