निसर्ग-निरीक्षण मनोरा

जंगल, पाणथळ जागा, दरी किंवा किनारा उंचावरून न्याहाळता यावा म्हणून बांधलेली उभी, चारही बाजूंनी मोकळी रचना. शिकारीचे मचाण आणि वणव्यावर नजर ठेवणारा मनोरा ही तिची जुनी रूपे. त्यांचे काम दूरवर पाहण्यापुरते होते. पर्यटकांसाठीच्या मनोऱ्यात वर पोचेपर्यंत माणूस जे पाहतो, ऐकतो आणि हुंगतो, ते माथ्यावरच्या देखाव्याइतकेच, बहुधा त्याहून मोलाचे असते. म्हणून चांगला आराखडा चढावाभोवती रचलेला असतो.

उंची : क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर साधारणपणे डोळ्याच्या उंचीच्या (मीटर) वर्गमुळाच्या ३.५७ पट असते. २५ मी. उंचीवरून सुमारे १८ किमी., तर ५० मी. वरून सुमारे २५ किमी. दिसते. म्हणजे उंची दुप्पट केली तरी नजर जेमतेम ४० टक्के लांब जाते. उलट रुंदी तीच ठेवली, तर मनोरा उलथवू पाहणारा वाऱ्याचा जोर पायथ्याशी चौपटीहूनही वाढतो, कारण वर वाराही जास्त असतो. शिवाय फार उंचावरून घरटी, फुलोरा, फांदीवरचा पक्षी काहीच ओळखू येत नाही. आसपासच्या झाडांच्या शेंड्यांहून ३ ते ५ मी. उंच माथा बहुतेक ठिकाणी पुरतो. मात्र पुढील २०-२५ वर्षांत झाडे किती वाढतील तेही धरावे लागते. कागदावर उंची ठरवण्याआधी ड्रोन दर ५ मी. वर थांबवून चारही दिशांची छायाचित्रे घ्यावीत, पालवी भरात असताना एकदा आणि पानगळीनंतर पुन्हा. अनेकदा उत्तम देखावा सर्वांत वर नसतोच, हे तेव्हाच कळते.

चढाव : जंगल थरांचे असते. २-३ मी. पर्यंत झुडपे आणि कोवळी रोपे, त्यावर खोडांचा मोकळा पट्टा, मग पानांचे दाट छत्र. फुले, फळे, कीटक आणि त्यांच्यामागे येणारे पक्षी या छत्रातच एकवटतात. त्यामुळे थांबे समान अंतरावर न ठेवता थर बदलतो तिथे ठेवावेत आणि छत्राच्या पातळीवर सर्वांत मोठा ठेवावा. थांबा जाण्यायेण्याच्या वाटेबाहेर, निदान दीड मीटर खोल आणि बसायला बाक असलेला हवा. उभा माणूस दोन मिनिटांत पुढे सरकतो; बसलेला स्थिरावतो आणि पक्षी परततात.

३० मी. चढायला १६.५ सेंमी.च्या सुमारे १८२ पायऱ्या लागतात. त्याच उंचीसाठी १:१२ चढणीचा उतारमार्ग ३६० मी. होतो, आणि दर ७५ सेंमी. चढीनंतर दीड मीटरचा सपाट टप्पा दिला तर सुमारे ४२० मी. खर्च वाढतो, पण चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि गुडघेदुखीचे लोक माथ्यावर पोचतात. डेन्मार्कमध्ये २०१९ साली खुल्या झालेल्या ४५ मी. उंच वनमनोऱ्यात ६५० मी. चा सर्पिल मार्ग आहे, म्हणजे सरासरी चढ सुमारे १:१४. हा मनोरा मध्ये बारीक, वर-खाली रुंद असून असा आकार सरळ दांड्यांतूनच साधतो. रशियन अभियंते व्लादिमीर शुखोव यांनी तो १८९६ साली पाण्याच्या मनोऱ्यासाठी वापरला होता. जिनाच करायचा असेल, तर एकमेकांत गुंफलेले दोन जिने, चढायला एक आणि उतरायला दुसरा, हा तोडगा उत्तम. स्वित्झर्लंडमधील लोझानजवळच्या सोव्हाबलँ येथील ३५ मी. उंच लाकडी मनोऱ्यात (२००३) तो वापरला आहे.

कठडा : बारीकसारीक वाटणारी ही गोष्ट अनुभव घडवते किंवा बिघडवते. सुरक्षेसाठी कठडा १.१ ते १.२ मी. उंच ठेवतात, चाकाच्या खुर्चीतील माणसाचे डोळेही नेमके त्याच उंचीवर येतात. तिथे जाड लाकडी दांडी आली की त्याला दांडीच दिसते. म्हणून वरची कड बारीक ठेवून धरायची दांडी ९० सेंमी. वर वेगळी द्यावी. आडव्या पट्ट्यांवर मुले चढतात, म्हणून खाली उभे गज किंवा स्टीलची जाळी हवी, फटी १० सेंमी.हून कमी. जाळीला गडद रंग द्यावा. चकाकणारी जाळी उजेड पकडते आणि नजर तिच्यावरच अडते. काच शक्यतो टाळावी. तीत आकाश-झाडांचे प्रतिबिंब पडून पक्षी धडकतात.

सांगाडा आणि साहित्य : गर्दीसाठी मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोचा भार धरतात. भारापेक्षा कंपन अधिक फसवे. चालणारा माणूस सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो आणि त्याचा आडवा झोका सेकंदाला एकदा पडतो. सडपातळ मनोऱ्याची स्वतःची डुलण्याची लय त्याच्या जवळ आली, तर मजबूत रचनाही लोकांना घाबरवते. त्यावर उपाय म्हणजे रुंद पायथा, तिरप्या ताणलेल्या दांड्या किंवा कंपनशोषक वजन.

लाकूड पावलांचा आवाज शोषते. लोखंडी पायऱ्या खणखणतात आणि आसपासचे प्राणी दूर जातात. पण लाकूड कुजते ते बहुधा जोडांत. खांबाचे कापलेले टोक पाणी शोषते, म्हणून ते जमिनीपासून निदान ३० सेंमी. उचललेल्या पोलादी बुटात बसवावे. बुटाच्या तळाला पाणी निघायला भोक नसेल, तर तोच बूट पेला बनतो आणि खांब आतून भुसभुशीत होतो. ओक लाकडातील टॅनिनमुळे जस्ताचा थर दिलेले बोल्ट गंजतात. तिथे स्टेनलेस स्टीलच हवे. वाळताना लाकूड आकसते, त्यामुळे पहिल्या वर्षात सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. गंजाचाच संरक्षक थर धरणारे पोलाद जंगलात शोभते, पण खाऱ्या हवेत आणि सतत ओल राहते तिथे ते झिजतच जाते.

पाया : झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली खोल खड्डा घेतला की मुळे तुटतात आणि ज्यासाठी मनोरा बांधला ते झाडच दोन-चार वर्षांत वाळू लागते. रुंद काँक्रीटऐवजी बारीक किंवा स्क्रूसारखे पाइल (जमिनीत खोल रुतवलेले खांब) वापरावेत. वारा मनोऱ्याची एक बाजू वर उचलतो, त्यामुळे पाइलची दाबाइतकीच ओढीचीही चाचणी हवी. सुटे भाग कारखान्यात बनवून आणावेत आणि उभारणी विणीचा हंगाम सोडून करावी.

वापर : ४० चौ.मी. माथ्यावर माणशी दीड चौ.मी. धरले तर एका वेळी सुमारे २६ जण मावतात. प्रत्येक जण पंधरा मिनिटे थांबला, तर तासाला शंभराच्या आसपास. वाहनतळ याच आकड्यावरून बेतावा. आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या तारा आणि भूयोजन (अर्थिंग) असले तरी गडगडाट ऐकू येताच मनोरा रिकामा करतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच पुन्हा उघडतात. रात्रीची रोषणाई करू नये. ती किडे आणि स्थलांतर करणारे पक्षी ओढून घेते.