स्टेल्थ लढाऊ विमाने : इंजिन, रडार आणि निर्यात

शत्रूच्या रडारला उशिरा आणि अंधुक दिसावीत अशा बेताने घडवलेली लढाऊ विमाने. वृत्तपत्रे त्यांना सर्रास ‘अदृश्य विमाने’ म्हणतात, पण अदृश्य ती नसतात. साध्या विमानाचा वेध ज्या अंतरावरून लागतो त्यापेक्षा बरेच जवळ आल्यावर यांचा लागतो, आणि तेवढ्या अवधीत त्यांचे क्षेपणास्त्र सुटलेले असते, एवढाच काय तो फायदा. तोच फार मोठा आहे. अमेरिकेची एफ-२२ रॅप्टर आणि एफ-३५ लायटनिंग २, रशियाचे सुखोई-५७, चीनची जे-२० आणि जे-३५ ही या वर्गातली मुख्य विमाने. तुर्कस्तानच्या ‘कान’ने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी पहिले उड्डाण केले, भारताचे ॲम्का अजून उडायचे आहे. कोणते विमान भारी, यावर वाद घालणारे बहुधा वेगाचे आणि पल्ल्याचे आकडे पुढे करतात. विकत घेणाऱ्या देशाला मात्र आधी इंजिन कोणाचे ते पाहावे लागते.

इंजिन : कोनात कापलेले पंख, तिरक्या शेपट्या, पोटात दडवलेली शस्त्रे हे सगळे बाहेरून बघून बरेचसे उतरवता येते. इंजिन तसे उतरवता येत नाही. टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात तो त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही जास्त तापलेला असतो. पाते तगते कारण ते धातूच्या एकाच स्फटिकाचे ओतलेले असते आणि त्याच्या आतून बारीक वाहिन्यांनी थंड हवा खेळवलेली असते. ही ओतकामाची विद्या जगात मोजक्याच कारखान्यांकडे आहे.

एफ-२२ ला प्रॅट अँड व्हिटनीची दोन एफ-११९ इंजिने आहेत, प्रत्येकाचा जोर सुमारे १५६ किलोन्यूटन. त्यांची खरी करामत अशी की आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) न पेटवता विमान ध्वनीच्या दीडपट वेगाने जात राहते. आफ्टरबर्नर पेटला की इंधन धो धो जाते आणि मागची ज्वाला अवरक्त वेधकांना दुरून दिसते. मग रडारपासून लपून उपयोग काय? एफ-३५ ला एकच इंजिन आहे, एफ-१३५, पण १९१ किलोन्यूटनचे. लढाऊ विमानावर आज सेवेत असलेले हे सर्वांत जोरकस इंजिन. त्याचे दुखणे वेगळे. विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढत गेली, ती थंड ठेवण्याचा भार इंजिनावर पडला आणि गाभ्याच्या सुधारणेचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. जनरल इलेक्ट्रिक आणि रोल्स-रॉइस यांचे पर्यायी एफ-१३६ इंजिन २०११ मध्ये गुंडाळले गेले. त्यामुळे जगभरची सगळी एफ-३५ विमाने एकाच कंपनीच्या एकाच इंजिनावर उडतात.

सुखोई-५७ चे पहिले नमुना विमान २९ जानेवारी २०१० रोजी कोम्सोमोल्स्क-ना-अमूरे येथे उडाले. त्याचे एएल-४१एफ१ इंजिन सुमारे १४७ किलोन्यूटनचे, पण घराणे जुनेच, एएल-३१ चे. आपल्या हवाई दलाच्या सुखोई-३० एमकेआय विमानांवर याच घराण्याची एएल-३१एफपी इंजिने आहेत. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ती विमाने जोडली गेली, तेव्हा तिथल्या कामगारांना या घराण्याची ओळख करून द्यायला नको. खऱ्या अर्थाने नवे एएल-५१एफ१ इंजिन डिसेंबर २०१७ मध्ये नमुना विमानावर बसवून उडवले, पण सेवेतली विमाने त्यानंतरही वर्षानुवर्षे जुन्यावरच भागवत राहिली. आणखी एक उणीव समोर उभे राहिले की कळते. एफ-२२ आणि एफ-३५ यांच्या हवेच्या वाटा आत नागमोडी वळतात, त्यामुळे इंजिनाच्या पंख्याची फिरती पाती पुढून दिसत नाहीत. सुखोई-५७ ची वाट तितकी वळत नाही. पाती झाकायला आत जाळीसारखा अडसर बसवावा लागतो. फिरता पंखा रडारला आरशासारखा चमकून दाखवतो, म्हणून ही बाब किरकोळ नाही.

चीनचे जे-२० ११ जानेवारी २०११ रोजी प्रथम उडाले, तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमध्येच होते. सुरुवातीच्या जे-२० मध्ये रशियन एएल-३१ इंजिने होती. पुढे स्वदेशी डब्ल्यूएस-१०सी आले आणि त्यानंतर डब्ल्यूएस-१५ ची पाळी आली. विमानाचा सांगाडा बनवण्यापेक्षा इंजिनाचे परावलंबन सुटायला चीनला जास्त काळ लागला.

रडार : या सर्वांच्या नाकात एईएसए प्रकारचे रडार असते. जुन्या रडारची थाळी मान वळवावी तशी फिरायची. एईएसएमध्ये शेकडो चिमुकले प्रक्षेपक-ग्राहक एका स्थिर पाटीवर बसवलेले असतात आणि किरण विजेच्या खेळाने क्षणात कुठेही वळतो. शिवाय तो कंप्रता सतत बदलत राहतो, त्यामुळे आपल्यावर रडार रोखले आहे हे शत्रूला सहज कळत नाही. एफ-३५ चे एपीजी-८१ या कामात मुरलेले आहे. पण त्या विमानाचे मोठेपण एकट्या रडारात नाही. अंगावरच्या 6 अवरक्त कॅमेऱ्यांचे चित्र, रडारचे टिपण आणि सोबतच्या विमानांनी पाहिलेले असे सारे एकत्र करून ते वैमानिकाच्या शिरस्त्राणावर उमटते. बैठकीच्या खालची जमीनसुद्धा त्याला दिसते. या सॉफ्टवेअरचा तापही तेवढाच. नवी टीआर-३ आवृत्ती तयार नसल्याने जुलै २०२३ पासून वर्षभर नव्या विमानांचा ताबा घेणे थांबले होते.

रशियाच्या रडारचे नाव एन-०३६ ‘बेल्का’, म्हणजे खार. त्याची कल्पना मात्र खरोखर वेगळी आहे. नाकातल्या मुख्य पाटीत सुमारे दीड हजार घटक, शिवाय दोन्ही गालांवर एकेक छोटी पाटी. त्यामुळे वैमानिक शत्रूकडे जवळजवळ बाजू करून वळला तरी लक्ष्य नजरेतून सुटत नाही. पंखांच्या पुढच्या कडेत एल-बँडचे घटक आहेत. लांब लहरींना स्टेल्थ आकार कमी फसवतो, म्हणून यांचा मोठा गवगवा होतो. पण एवढ्या लहान अँटेनातून लक्ष्याची दिशा ढोबळच मिळते, त्यावर क्षेपणास्त्र सोडता येत नाही. चिनी रडारांचे म्हणून इंटरनेटवर जे आकडे फिरतात ते बहुतेक अंदाजपंचे असतात.

निर्यात : एफ-२२ परदेशी विकण्याला अमेरिकी कायद्यानेच १९९० च्या दशकात बंदी घातली. जपानने पुष्कळ मनधरणी करूनही ती उठली नाही, आणि १८७ सेवायोग्य विमाने बांधून उत्पादन थांबले. एफ-३५ चे उलट. ते सुरुवातीपासून मित्रदेशांना भागीदार करून बनवले. एक हजारावर विमाने हाती पडली आहेत. विक्रीबरोबर लगामही येतो. भागीदार असलेल्या तुर्कस्तानने रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि २०१९ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढले. सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाच मिळत नाही; इस्रायलला स्वतःच्या काही यंत्रणा जोडण्याची मुभा मिळाली, हा अपवाद.

हा पहारा भारताने जवळून पाहिला. १४ जून २०२५ च्या रात्री ब्रिटनचे एक एफ-३५बी तिरुवनंतपुरम विमानतळावर उतरले आणि हायड्रॉलिक बिघाडामुळे तिथेच अडकले. आधी ब्रिटिशांनी हँगरची सोय नाकारली, म्हणून ते केरळच्या पावसात उघड्यावर, सशस्त्र पहाऱ्यात उभे राहिले. ६ जुलैला ब्रिटिश अभियंत्यांचे पथक आल्यावर ते हँगरमध्ये नेले आणि २२ जुलैला उडाले. केरळच्या पर्यटन खात्याने त्यावर जाहिरात करून घेतली ती वेगळीच.

सुखोई-५७ च्या निर्यातीची कथा भारतापासूनच सुरू होते. संयुक्त विमानाचा करार २००७ चा, प्राथमिक आराखड्यासाठी डिसेंबर २०१० मध्ये २९.५ कोटी डॉलर ठरले, आणि इंजिन, स्टेल्थ व तंत्रज्ञानातला वाटा यांवर समाधान न झाल्याने २०१८ मध्ये भारत बाहेर पडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनच्या जुहाई प्रदर्शनात नमुना विमान मांडले, तेव्हा लोकांनी त्याच्या अंगावरच्या उघड्या स्क्रूंचे फोटो काढून खिल्ली उडवली. ते जुने चाचणी-विमान होते हे खरे, पण दुकानात मांडताना माल पुसून मांडावा. त्याच प्रदर्शनात पहिला परदेशी करार झाल्याचे रशियाने सांगितले, गिऱ्हाइकाचे नाव न घेता. ते अल्जीरिया असल्याचे मानले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या एरो इंडियात सुखोई-५७ आणि एफ-३५ एकाच मैदानावर आली आणि दोन्हींच्या खरेदीच्या चर्चेला ऊत आला.

जे-२० चीनने कोणाला देऊ केलेले नाही. जे-३५ मात्र देऊ केले आहे : चीनने ४० विमानांचा प्रस्ताव ठेवल्याचे पाकिस्तान सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले, आणि काही दिवसांतच त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी हा माध्यमांतला गलबला म्हणून उडवून लावला. कानची ४८ विमाने घेण्याचे इंडोनेशियाने त्याच महिन्यात ठरवले. पण कानमध्ये अमेरिकी एफ-११० इंजिने आहेत, आणि त्यांचे परवाने अमेरिकी काँग्रेसमध्ये अडल्याचे तुर्की परराष्ट्रमंत्र्यांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले.

ॲम्काची पहिली आवृत्ती अमेरिकी एफ-४१४ इंजिनावर उडायची आहे, पुढच्या आवृत्तीसाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर १२० किलोन्यूटनचे इंजिन घडवण्याचे ठरले आहे. एफ-४१४ बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिककडेच तेजस मार्क १ए साठी ९९ एफ-४०४ इंजिने २०२१ मध्ये मागवली होती. त्यातले पहिले मार्च २०२५ मध्ये आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या नव्या उत्पादन-मार्गिकेवर बनलेले पहिले मार्क १ए उडाले, तरी पुढच्या विमानांची गाडी इंजिने कोणत्या गतीने येतात त्यावरच अडलेली होती.