फिरंग, पट्टा, पवित्रा : मराठी तलवारबाजीच्या शब्दांची पार्श्वभूमी

नागपूरकर रघोजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून मिळवली. तिच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघोजींचे नाव आहे, 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे आणि 'फिरंग' हा शब्दही आहे. मराठा सरदाराच्या तलवारीवर फिरंग कशी, असे वाटले तर नवल नाही. पण यात कमीपणाचे काही नव्हते. फिरंग म्हणजे युरोपात घडलेले सरळ, लांब पाते आणि त्याला बसवलेली इथली मूठ. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि पुढे त्यांच्या व्यापारातून ही पाती दख्खनेत मुबलक आली. घोड्यावरून लांबवर पोचणारे, भोसकायलाही चालणारे पाते कोणाला नको होते? धोप हीदेखील सरळ, लांब तलवारच. त्यामुळे फिरंग कुठे संपते आणि धोप कुठे सुरू होते, याच्या फार काटेकोर व्याख्या मला तरी पटत नाहीत.

पट्ट्याची गोष्ट वेगळी. त्याला नेहमीची मूठ नसते. कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा असतो, त्यात आडवी दांडी असते आणि ती मुठीत धरायची. मनगट खोबळ्यात बंद झाले की ते वळवून वार करणे जमत नाही. सगळी फेक कोपर आणि खांद्यातून येते. पाते पातळ आणि लवचीक असल्याने नवशिक्याने फिरवले तर आधी त्यालाच लागायचे. प्रतापगडावर शिवाजी महाराजांवर धावून गेलेल्या सय्यद बंडाच्या हाती पट्टा होता, असे परंपरा सांगते. पट्टा चालवणारा तो पटाईत. आज थापा मारण्यातही माणसे पटाईत असतात, तो भाग निराळा.

शिकताना धारदार पाते कोणी हाती देत नसे. त्यासाठी फरी-गदगा. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल, गदगा म्हणजे चामडे चढवलेली काठी. पंजाबातला गतका याच घराण्यातला. डोक्यावरचा वार 'शीर', गालाकानावरचा 'तमाचा', फसवा वार 'हूल'. एकेका हालचालीला 'हात' म्हणत. तलवारीचे हात, पट्ट्याचे हात. 1878 च्या शस्त्र कायद्याने तलवार बाळगायला परवाना लागू लागला. काठीला तो लागत नव्हता. वारांची नावे आखाड्यात टिकली, यात या काठीचा वाटा मोठा असावा.

'पवित्रा' मात्र आखाड्यातून पार वर्तमानपत्रात गेला. मुळात तो पायांचा: पुढचा पाय कुठे, वजन कशावर, कोणत्या बाजूला सरकायचे. वस्ताद आधी पवित्रेच घोटून घेतात. पाय चुकले की हात कितीही चपळ असला तरी वार बसत नाही. बातम्यांत मोर्चेकरी 'संतप्त पवित्रा' घेतात. आखाड्यात संतापलेल्याला वस्ताद बाजूला बसवतील.

2024 मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र ठरला. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या पथकांत तो त्याआधीही फिरतच होता. तिथे आडव्या झालेल्या गड्याच्या अंगावर लिंबू ठेवून ते पट्ट्याने कापतात. बघणाऱ्यांचे डोळे पात्यावर असतात. जाणकार खेळणाऱ्याच्या पायांकडे बघतो.