उत्तर मुकुटातला थकबाकीदार

मे महिन्यात मध्यरात्री मुंबईतल्या गच्चीवरून पाहिलं, तर पश्चिमेकडे कललेली ठळक तांबूस स्वाती लगेच सापडते. तिच्यापासून ईशान्येच्या अभिजितकडे नजर नेताना वाटेत उत्तर मुकुट हा तारकासमूह लागतो, जवळपास डोक्यावरच. शहराच्या उजेडात त्यातला एखादाच तारा दिसतो. या मुकुटाच्या कडेला 'टी कोरोनी बोरिॲलिस' आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), म्हणजे कर्जतजवळच्या वांगणीच्या काळोखातही नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पण 1866 मध्ये आणि पुन्हा 1946 मध्ये तो काही तासांत शेकडो पट उजळून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत पोचला होता.

तो एक तारा नाही, जोडी आहे. एक म्हातारा, सूर्याच्या सत्तरेक पट फुगलेला तांबडा राक्षसी तारा. दुसरा श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, पृथ्वीहूनही लहान, पण सूर्यापेक्षा जड. अंतर साधारण सूर्य-पृथ्वीइतकं, आणि प्रदक्षिणा सुमारे 228 दिवसांची. गंमत अशी की या जोडीत राक्षसच हलका आहे. बटूच्या ओढीने त्याचा आकार लांबट झालाय आणि त्याच्या बाहेरच्या थरांतला हायड्रोजन सतत बटूकडे वाहतोय.

हा वायू आधी चकतीसारखा गरगरतो, मग बटूच्या पृष्ठभागावर साठतो. प्रचंड गुरुत्वाने दाबलेला तळाचा थर मग विचित्र वागतो. साधा वायू तापला की प्रसरण पावतो आणि थंड होतो. इथे दाब तापमानावर अवलंबूनच नसतो, त्यामुळे कुकरची शिट्टी अडकावी तसं होतं. तापमान वाढतं, म्हणून अणुसंमीलन वाढतं, म्हणून तापमान आणखी वाढतं, आणि शेवटी सगळा थर उडतो. बटू मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा साठवायला लागतो.

अशा स्फोटानंतर पृष्ठभागावर उरलेला हायड्रोजन काही काळ जळतच असतो. 2019 मध्ये धनू राशीतली अशीच एक जोडी फुटली, तेव्हा तिथून येणारे मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे क्ष-किरण 'ॲस्ट्रोसॅट' या भारतीय उपग्रहावरच्या दुर्बिणीने टिपले. ती दुर्बीण घडली आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत.

1866 आणि 1946 मध्ये ऐंशी वर्षांचं अंतर. त्या हिशेबाने पुढची पाळी 2026 च्या आसपास येते. 1946 च्या स्फोटाआधी तारा मंदावला होता, आणि 2023 मध्ये तशीच घट दिसल्यावर अनेकांनी 2024 वर बोट ठेवलं. ते वर्ष कोरडंच गेलं. दोन नोंदींवरून वेळापत्रक मांडणं मला तरी धाडसाचंच वाटतं.

शिवाय डोळ्यांना दिसण्याचा काळ जेमतेम आठवडाभराचा. ओहायोचे हौशी निरीक्षक लेस्ली पेल्टियर यांनी पंचवीस वर्षं या ताऱ्यावर पाळत ठेवली. फेब्रुवारी 1946 मध्ये एका पहाटे ते उठले, सर्दीची चाहूल लागली म्हणून परत झोपले, आणि नेमका तेव्हाच तारा उजळला. मुंबईकरांना सर्दीची गरज नाही, जुलै पुरेसा आहे. आधीचे दोन्ही स्फोट मे आणि फेब्रुवारीतले, म्हणजे आपल्या पावसाबाहेरचे. पुढचा पावसाळ्यात झाला, तर इथल्या आकाशनिरीक्षकांना घाटापलीकडच्या मित्रांचे फोटो पाहूनच भागवावं लागेल.